भात फुकटचा, भाकर विकतची

आमच्या गल्लीत कोणाचे दिवस वाईट चालले आहेत हे कोणाला विचारावं लागत नाही. एखाद्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या की तिथली डाळ बंद झाली असं समजायचं. रविवारी कोंबडीवाला माश्या मारत बसलेला आणि अंड्याच्या हातगाडीभोवती गर्दी, म्हणजे कापसाच्या जिनिंगमधलं काम आटलं. संध्याकाळी पोरं दुकानातून टोस घेऊन घराकडे पळायला लागली की त्या घरचं रात्रीचं जेवण चहातच उरकणार. टीव्हीवर मोठे लोक मंदी आहे की नाही यावर तासभर भांडतात. आमच्या आदिलाबादेत ते शेजारणीला वासावरून कळतं, आणि ती शहाणी असेल तर बोलत नाही. शहाण्या शेजारणी कमी आहेत, हा भाग वेगळा.

पण या खुणासुद्धा आता धड राहिल्या नाहीत. पूर्वी रेशनचा तांदूळ जाडाभरडा यायचा. ज्याला जमे तो विकून टाकी, कोणी कोंबड्यांना घाली, आणि जो मुकाट्यानं शिजवून खाई त्याची परिस्थिती सगळ्यांना कळे. आता रेशनवर बारीक तांदूळ मिळतो आणि सगळेच तो खातात. उलट ज्वारी महाग झाली आहे. ज्या शेतात ती व्हायची तिथे आता कापूस असतो. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बाया चुली मांडून भाकरी थापतात, तेलुगूत त्यांना जोन्न रोट्टे म्हणतात, आणि त्या घ्यायला लोक कार थांबवून उतरतात. घरोघरी साखरेचा आजार शिरला आहे ना. गरिबाचं जेवण कोणतं आणि श्रीमंताचं कोणतं, याचा नुसता घोळ झाला आहे. त्या घोळात माझा बाप सापडला.

बाबांनी सगळा जन्म वांकिडीकडच्या एका गावात सालगडी म्हणून काढला. वर्षाच्या बोलीत ज्वारी ठरलेली असायची. दुपारची भाकर मालकाच्या घरून मिळे. ती ओट्यावरून, वरच्या वर हातात पडे, तिच्यावर मिरचीचा गोळा. बाबा ती घेऊन गोठ्याजवळच्या निंबाखाली जात आणि घराकडे पाठ करून खात. आत भात शिजत असे. त्याचा वास बाहेर यायचा आणि तो वास बाबांनी इतकी वर्षं घेतला की त्यांच्या लेखी सुख म्हणजे तोच. आमच्या घरी भात दिवाळीला आणि जयंतीला व्हायचा. त्या दिवशी बाबा आंघोळ करून चुलीजवळ येऊन बसायचे आणि झाकण काढू नका, वाफ जाते, म्हणून आईला ताकीद द्यायचे. आई म्हणायची, वाफेनंच पोट भरत असेल तर तांदूळ कशाला आणले.

त्यांनी मला शिकवलं, मी मास्तरीण झाले, खाजगी शाळेतली का असेना. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाबांनी मुलाचा पगार विचारला नाही, घरची शेती विचारली नाही. तुमच्या घरी रोज भात होतो का, एवढंच विचारलं. बैठकीतले लोक हसले. मी आत मान खाली घालून बसले होते, मला रडू आलं होतं. मुलाकडच्यांनी हो म्हटलं आणि बाबांनी लगेच पान पुढे केलं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी त्यांना माझ्याकडे आणलं. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहायचे. साखरेनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले, समोर माणूस आहे की कपडा टांगला आहे एवढंच कळतं. त्यातच उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि मग तेवढ्यावर भागेलच असं नाही. भात बंद, ज्वारीची भाकर द्या, रोज ड्रेसिंग करा. गावी हे कोण करणार होतं? बाबा मात्र यायला तयार नव्हते. शेवटी आले ते एका अटीवर. ज्या दिवशी मी तुम्हाला जड झालो असं वाटेल, त्या दिवशी मी बस धरीन, आणि मग मला अडवायचं नाही. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं, असं त्या वेळी वाटलं.

ते आले आणि आमचं गाडं रुतलं. माझे मिस्टर जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर लिहायला बसतात. या वेळी हंगाम लवकर आटोपला आणि मालकानं सांगितलं की नवा कापूस येईपर्यंत अर्ध्या पगारावर थांबा. माझ्या शाळेत तर सुट्टीचा पगार देण्याची पद्धतच नाही. मग घरात एकेक गोष्ट गुपचूप खाली उतरायला लागली. फळं गेली, मग अंडी, मग डाळ. रेशनचा भात आणि त्यावर पच्चिपुलुसू, म्हणजे चिंच पाण्यात कोळून, कांदा-मिरची चुरडून केलेलं कच्चं सार. त्याला ना तेल लागतं ना गॅस. मी, मिस्टर आणि आमची पोरगी, आम्ही तिघं दोन्ही वेळ तेच खायचो. बाबांसाठी तेवढी ज्वारी आणायची, गिरणीतून दळायची, आणि त्यांच्या वाटीपुरतं घट्ट वरण करायचं. त्यांना काही सांगायचं नाही, असं मी मिस्टरांना आणि पोरीला बजावलं होतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टँडवर असते.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. पच्चिपुलुसूचा आंबट वास आला की बाबा म्हणत, शहरात रोज काहीतरी नवीन असतं. पोरगी माझ्याकडे बघायची आणि तोंड दाबून हसायची.

मग बाबा गप्प होत गेले. भाकर अर्धी टाकू लागले. मला थोडा भात दे, असं एकदोनदा म्हणाले, आणि मी डॉक्टरचं नाव सांगून नाही म्हटलं. डॉक्टर तर सगळ्यांनाच असं सांगतात, म्हणाले. पुढे ते ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसायला लागले, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, पंख्याखालीही उकडत असेल. मी शाळेत शिकवते, पण पाठीवरचं वाचायला कोणी शिकवलेलं नाही.

एका संध्याकाळी ड्रेसिंग करून आम्ही रिक्षानं परत येत होतो. रस्त्याकडेला भाकरी थापल्याचा आवाज बाबांनी बरोबर ओळखला. इथं कोण घेतं या भाकरी, म्हणून त्यांनी विचारलं. मजूर लोक असतील बिचारे. मी म्हटलं, बाबा, मजूर नाहीत, डॉक्टर घेतात, ठेकेदार घेतात, आता एक कार उभी आहे. बाबा हसले. आंधळ्याची मजा घेते का, म्हणाले. मी पुन्हा सांगितलं नाही. दिवसभराच्या उन्हानं मी थकले होते, आणि ज्या माणसानं साठ वर्षं भाकर म्हणजे गरिबी असंच पाहिलं त्याला रिक्षात बसून काय समजावणार.

मे महिन्यातल्या एका दुपारी पोरगी स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, आजोबा मला वांकिडीच्या बसची वेळ मोबाईलमध्ये पाहायला सांगतात. मी हात पुसत बाहेर आले. बाबा पायरीवर बसले होते. धोतर नेसलं होतं, पिशवी भरली होती, जखमेच्या पायात चप्पल जात नव्हती म्हणून ती पिशवीच्या बंदाला बांधली होती. ताटात भाकर तशीच होती.

काय झालं म्हणून मी विचारलं. बाबा शांतपणे, माझ्याकडे न वळता बोलले.

"मालकाच्या घरीबी असंच होतं, माय. अंदर भात शिजे, अन् मले बाहीर भाकर भेटे. म्या मनाले समजावलं, आपुन गडी हाओ. पन इथं मी कोन हाओ? तुमी तिघं भात खाऊन राह्यले, अन् मलेच काऊन भाकर?"

मला वाईट वाटलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. ज्या भाकरीसाठी मी पोरीचं दूध बंद केलं होतं, ती या माणसाला मालकाच्या ओट्यावरची वाटली. आणि मी बोलणार तरी काय? गप्प राहिले तर अपमान झाला म्हणून ते जाणार. खरं सांगितलं तर आपण जड झालो म्हणून जाणार, आणि अडवायचं नाही असं मी कबूल केलेलं. दोन्हीकडून बस तीच होती, आणि तिच्यात चढून हा माणूस आपला पाय घालवणार होता.

मिस्टर दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, सांगू नको अशी. मला ते सगळं पेलायचा कंटाळा आला होता. लपवण्याचा, शिट्ट्या मोजणाऱ्या शेजारणींचा, चिंचेचा, सगळ्याचा. मी सांगून टाकलं.

"बाबा, भात फुकटचा हाय. रेशनचा. दुसरं काई नाई म्हनून आमी तो खाऊन राह्यलो. भाकर इकतची हाय, अन् ते एकट्या तुमच्यासाठीच आनतो."

मग जिनिंगचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. वरण पण माझ्यासाठीच का, असं बाबांनी विचारलं. मी हो म्हटलं. पोरीचं ताट इकडे आण, म्हणाले. तिनं ताट त्यांच्यासमोर धरलं. बाबांनी चाचपडत भातात बोट घातलं, सारात बुडवलं आणि चाखलं. पोरगी म्हणाली, आजोबा, मला हे आवडतं. इतकं वाईट खोटं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

बाबांनी बोट धोतराला पुसलं आणि पिशवीकडे हात नेला. मंग तर मले गेलंच पायजे, असं काहीसं पुटपुटले. मी म्हटलं, जा. खुशाल जा. पाय काढायला लागला म्हणजे गावाहून तुम्हाला उचलून कोण आणणार आहे, तेही ठरवून जा. आणि मी आजच दळण आणलं आहे, ते काय शेजारणीला वाटू? माझा आवाज चढला होता. पलीकडच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला.

बाबा पिशवीवर हात ठेवून तसेच बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते खूप दमलेले दिसत होते. मी असं बोलायला नको होतं असं मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. थोड्या वेळानं त्यांनी आपलं भाकरीचं ताट जवळ ओढलं.

"भाकरीचं काई नाई, माय," ते म्हणाले. "एकट्यानं खाल्ली तेवढी पुरे झाली. कोनी संग बसन, तं राह्यतो."

मी पायरीवर त्यांच्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी भाकर चाचपून बरोबर मधून मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. ओट्यावरून नाही, बाजूनं. सकाळची होती, कडक झाली होती. मी घास घेईपर्यंत त्यांनी आपला घेतला नाही. कान देऊन ऐकत होते मी चावते की नाही ते.

बाबा राहिले. अंगठ्याची जखम अजून भरलेली नाही, पण डॉक्टर आता पूर्वीसारखं बाजूला घेऊन बोलत नाहीत. जिनिंग सुरू व्हायला अवकाश आहे. अर्ध्या भाकरीनं बाबांचं पोट भरत नाही, म्हणून मी दोन थापते, आणि पीठ बघता बघता संपतं. ते संपलं की माझी चिडचिड होते, खोटं कशाला बोलू. कधी मी बसते, कधी मिस्टर, सुट्टी असली की पोरगी. ज्याची पाळी नसते तो आत भात आणि चिंचेचं पाणी खातो. ताट वाढलं की बाबा आधी विचारतात, आज कोण बसणार आहे. बाजूला कोणीतरी टेकल्याचं कळेपर्यंत ते घास मोडत नाहीत.