बिननावाचं कार्ड

कार्ड आलं तो शनिवार होता. तळेघरकडच्या माझ्या शाळेला शनिवारी सकाळचीच वेळ असते, त्यामुळे दुपारी मी घोडेगावच्या घरी एकटाच जेवत होतो. बायको इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. त्या दिवशी ती कुठल्याशा शिबिराला गेली होती. पोस्टमन ओळखीचा. दवाखान्याच्या पत्त्यावर आलेलं पाकीट त्यानं घरी आणून दिलं.

"सिस्टर न्हाईत तिथं, म्हटलं सरांकडं द्यावं," तो म्हणाला आणि गेला.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं, नुसतं खोचलेलं होतं. मी हात धुतले आणि ते उघडलं. आत जाड कागदाचं कार्ड, वर दोन पांढरी कोकरं एकमेकांच्या मानेला मान लावून उभी. मागं लाल बदाम. आत इंग्रजीत छापलेलं होतं, तुझ्याशिवाय प्रत्येक क्षण रिकामा आहे. खाली काही नाही. ना नाव, ना सही. पाकिटावर मात्र बायकोचं नाव सुरेख मराठी अक्षरात होतं, 'ळ'ला एक लांब वेलांटीसारखी शेपटी. शिक्का जुन्नर पोस्टाचा.

एखादा भला माणूस म्हणाला असता, चुकून आलं असेल. मला तसं वाटलं नाही, कारण कॉलेजात असताना मी स्वतः वर्गातल्या एका मुलीला अशी दोन कार्डं पाठवली होती, बिननावाची. तेव्हा दुकानात कार्ड घेणारे आम्ही सगळे पुरुषच असायचो. आधी रिफिल मागायची, मग वही, आणि शेवटी सहज नजर गेल्यासारखं करून कार्डांच्या स्टँडपाशी जायचं. 'कुणासाठी?' असं कुणी विचारलंच तर 'मित्रासाठी' म्हणायचं. आणि नाव लिहायचं नाही ते लाजून नव्हे. तिनं ओळखावं म्हणून. बिननावाचं कार्ड पाठवणारा माणूस ओळखीचाच असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पाकीट पुन्हा खोचून मी टेबलावर ठेवलं. संध्याकाळी ती आली, तिनं उघडलं, वाचलं आणि हसली.

"कुणी पाठवलंय काय माहीत. कोकरं बाकी गोड आहेत," ती म्हणाली आणि कार्ड फ्रिजवर उभं करून ठेवलं.

तिनं ते लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूबद्दल काय विचारणार? हेच तिनं ओळखलंय, असं माझ्या मनानं घेतलं. त्यानंतर ती दवाखान्यात निघाली की मी तिची साडी बघू लागलो. ती वीस मिनिटं उशिरा आली की 'पेशंट जास्त होते का' असं विचारायचो, आणि उत्तर ऐकताना तिच्या तोंडाकडे बघत बसायचो.

पहिला संशय दवाखान्यातल्या औषधं देणाऱ्यावर गेला. तो जुन्नरचा, अजून लग्न न झालेला, बोलायला गोड. खोकल्याचं निमित्त करून मी त्याच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. त्यानं गोळ्यांच्या पुडीवर 'सकाळी, संध्याकाळी' लिहिलं. शिक्षकाच्या नोकरीत हजारो वह्या तपासल्यात, अक्षर मला चेहऱ्यासारखं लक्षात राहतं. याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो नव्हता. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्तच अस्वस्थ झालो. आता माणूस कुणीही असू शकत होता.

कार्डाच्या पाठीवर जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका दुकानाचा छोटा शिक्का होता. पुढच्या रविवारी 'शाळेच्या कामाला जातो' असं सांगून मी मोटारसायकल काढली.

दुकान जुनं, अरुंद. गल्ल्यावर साठीतले एक मुसलमान गृहस्थ, गावात सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी रिफिल मागितली. मग एक वही. आपण कॉलेजातल्यासारखेच वागतोय हे कळत होतं, तरी नजर कार्डांकडे वळली. स्टँड निम्मा रिकामा, उरलेल्या कार्डांवर धूळ.

"आता कोण घेतंय कार्डं?" मी विचारलं.

"घेतात एखाददुसरे," चाचा म्हणाले. "बायका वह्या, राख्या, पाकिटं नेतात. कार्ड नेणारा पुरुषच. आणि वय झालेला. पोरं मोबाइलवर भागवतात."

तेवढ्यात एक बाई आली आणि मुलीच्या वहीवर नाव घालून द्या म्हणाली. चाचांनी शाईचं पेन काढलं, लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'ळ'ला तीच लांब शेपटी.

हा माणूस? माझ्या बायकोचा आणि याचा काय संबंध? बाई जाईपर्यंत मी थांबलो आणि खिशातून पाकीट काढून गल्ल्यावर ठेवलं. सकाळी निघताना कार्डासकट ते फ्रिजवरून गुपचूप उचललं होतं.

"हे अक्षर तुमचंच ना?"

त्यांनी चष्मा नीट केला. "माझंच."

"का पाठवलंत?"

"मी कुठं पाठवलं? मी पत्ता लिहून दिला." आता तेच माझ्याकडे संशयानं बघू लागले. "तुम्ही कोण?"

"नातेवाईक."

"कुठले नातेवाईक?"

मी पाकीट पुन्हा हातात घेतलं. मग म्हणालो, "मी त्यांचा नवरा."

चाचांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. येडगावकडचे एक म्हातारे धनगर बाबा दुकानात आले होते. त्यांच्या बायकोचा पाय साखरेमुळं चिघळला होता, डॉक्टर कापायचाच म्हणत होते. तेव्हा माझी बायको तिकडच्या दवाखान्यात होती. रोज ड्युटी संपली की ती त्यांच्या घरी जाऊन जखम धुवायची, पट्टी बांधायची. चार महिने. पाय वाचला. मग तिची बदली झाली आणि बाबांना निरोपही घेता आला नाही. कुणीतरी सांगितलं, शहरात असं झालं की कार्ड पाठवतात.

"मी सांगितलं त्यांना, बाबा, यातला मजकूर वेगळाय, दुसरं घ्या," चाचा म्हणाले. "ते म्हणाले, मेंढरं लई झ्याक हायेत, हेच द्या. वाचता येत नव्हतं त्यांना."

"आणि नाव?"

"मी विचारलं की, खाली नाव घालू का? तर म्हणाले, नगं. बाईच्या घरी मालक असतील. परक्या बाप्याचं नाव बघून उगं त्यांच्या डोक्यात काय यायचं."

मी वही आणि रिफिल तिथंच विसरून निघालो. रस्त्यात दोनदा गाडी थांबवली. घरी आलो तर ती दारात उभी, फ्रिजवर कार्ड नाही हे तिला सकाळीच कळलं होतं. मी सगळं सांगितलं, खिडकीपाशी जाऊन तपासलेल्या अक्षरासकट. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"विचारलं तर तू खरं सांगशील असं वाटलं नाही."

हे वाक्य मला गिळता आलं असतं. खोटं बोलायचं नाही एवढाच विचार त्या क्षणी होता. ती आत गेली. पुढचे सहा दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. सातव्या दिवशी ती म्हणाली, "येडगावला जायचंय मला. पाय बघायचाय त्यांचा."

येडगावच्या धरणाचं पाणी मागं हटलं होतं, उघड्या जमिनीवर मेंढरं चरत होती. बाबांनी तिला लांबूनच ओळखलं आणि घाईनं चालत आले. मला पाहिल्यावर मात्र चार पावलं अलीकडेच थांबले.

"हे मालक का?"

"हो," ती म्हणाली.

"काय वाईट वाटून घेऊ नगा, पावणं," ते मला म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरात म्हातारीनं पाय पुढं केला. बायकोनं बोटं दाबून पाहिली, टाचेखाली हात फिरवला, आणि 'चप्पल घालूनच फिरायचं' म्हणून दटावलं. बाबा दारात उभे होते.

"कारड पावलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पावलं. खूप आवडलं मला," ती म्हणाली. आत काय छापलंय ते तिनं सांगितलं नाही.

परतताना ती मागं बसली होती, पण हात माझ्या खांद्यावर नव्हता, गाडीच्या कडीवर होता.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. आम्ही नीट बोलतो, हसतो, लग्नकार्याला सोबत जातो. फक्त तिचा फोन वाजला की मी काही विचारायच्या आत ती मोठ्यानं सांगते, "माझी बहीण आहे," किंवा "दवाखान्यातून आहे." नको सांगत जाऊस, असं मी तिला पुष्कळदा म्हटलं. ती मान हलवते आणि पुढच्या वेळी पुन्हा सांगते.