गुप्त गाड्यांचं मंडळ

हासलबाखचा खाटीक आल्विन झाइट्स पंचक्रोशीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता: हाताची चव आणि बिनहाडाची जीभ. डोंगरापलीकडच्या रॉटनबाखात गेरलिंडेचं दुकान होतं. तिच्या सॉसेजला तो वर्षानुवर्षं 'लाकडाचा भुसा' म्हणत आला होता. आणि दर गुरुवारी दुपारी, घाऊक बाजाराचं निमित्त सांगून, तोच भुसा चापून यायचा. हे गावात फुटलं असतं तर दुकानाची पाटी उतरवायचीच वेळ आली असती.

त्यात त्याने नवी गाडी घेतली. ही गाडी रस्त्यावरच्या इतर गाड्यांशी सतत बोलायची: मी इथे आहे, ब्रेक दाबतेय. ते बोलणं तालुक्याच्या कचेरीतल्या पडद्यावर ठिपक्यांनी उमटायचं. पडद्यासमोर बसायची पोस्टमनची सून, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"घाबरू नका," गाडी विकणारी पोरगी म्हणाली. "गाडी खोटं नाव सांगते, आणि तेही मधूनमधून बदलते."

"मग झालं तर!"

"पण आजूबाजूला अशाच दुसऱ्या गाड्या हव्यात. ओसाड रस्त्यावर एकट्याने टोपी बदलली, तर कोण फसणार?"

आल्विनची झोप उडाली. गुरुवारी दुपारी हासलबाखच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. शेवटी अडचणीत सापडलेला जर्मन माणूस जे करतो, तेच त्याने केलं. मंडळ काढलं! रीतसर नोंदणी, अध्यक्ष, खजिनदार, सगळं. तसल्या गाड्या एव्हाना घरोघरी होत्याच. गुरुवारी सगळ्यांनी गावाबाहेरच्या गोल चौकात एकत्र फेऱ्या मारायच्या, गाड्यांनी नावं बदलली की पांगायचं. कोण कुठे जातो, हे विचारायचं नाही. पाद्री, मास्तर, बेकरीवाली, अर्धं गाव सभासद झालं. "आपली खासगी गोष्ट आपलीच!" मास्तरांनी भाषण ठोकलं. आल्विनला भरून आलं. किती तत्त्वाची माणसं ही!

पहिल्या गुरुवारी गाड्या गरगर फिरल्या, नावं बदलली, आणि आल्विन निर्धास्तपणे रॉटनबाखच्या रस्त्याला लागला. आरशात पाहतो तर मागे पाद्री. पाद्र्यामागे मास्तर. मास्तरांमागे बेकरीवाली, आणि तिच्यामागे उरलेली वरात.

"तुम्ही इकडे कुठे?" गेरलिंडेच्या दारात तो मास्तरांवर ओरडला.

"नियम, आल्विन, नियम! विचारायचं नाही."

आल्विनने मागे वळून एकेक चेहरा पाहिला. ही सगळी त्याची गिऱ्हाइकं. पण बोलणार कुठल्या तोंडाने? रांगेत पहिला तोच होता.

गेरलिंडेने सुरी पुसली आणि रांगेवरून नजर फिरवली.

"अगंबाई, आज सगळे एकदमच? नेहमीचंच देऊ ना सगळ्यांना?"