पोर्टा नीग्राच्या पायऱ्या आणि कराडचा तिसरा मजला

सासूबाईंना जर्मनी दाखवायला आणणार असाल, तर आधी एक करा. त्यांच्याशी पैज लावू नका.

आमच्याकडे ती लागली. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. कराडच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलाय. मागच्या वर्षी उजवा गुडघा बदलला. कराडचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा अभिजित, इथे लुडविग्सहाफेनला केमिकल कारखान्यात सेफ्टी बघतो. त्यामुळे जगात त्याला फक्त घसरून पडायच्या जागा दिसतात. त्याने परस्पर ठरवलं: फ्लॅट विकायचा, आईने पुण्यात लिफ्टवाल्या ज्येष्ठ निवासात राहायचं. एजंटही गाठला होता.

सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "ट्रियरला तो रोमन दरवाजा आहे ना, त्याला लिफ्ट आहे का रे?"

"नाही."

"उत्तम. जन्मभर मुलांना तो चित्रात दाखवला. आता स्वतः चढून उतरले, तर फ्लॅटचा विषय बंद. नाही जमलं, तर तू म्हणशील तिथे सही करते."

पुढचे तीन आठवडे आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर सराव चालला, मोठ्याने आकडे म्हणत. रविवारीसुद्धा. रविवार म्हणजे इथे रुहेत्साइट, शांततेची सक्ती. खालच्या शेजाऱ्यांनी दारावर नम्र चिठ्ठी डकवली. तेव्हापासून आकडे मनात, पण ओठ हलवत.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. लुडविग्सहाफेनहून ट्रियरला थेट रेगिओनाल, म्हणजे प्रादेशिक गाडी आहे, तीन तास लागतात. शनिवारी ग्रुपचं दिवसाचं राज्य-तिकीट काढा, चौघांना स्वस्त पडतं. डबा न्या. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. झाकण उघडल्यावर आमच्या आजूबाजूची चार आसनं आपोआप रिकामी झाली. पाय पसरायला छान जागा मिळते.

स्टेशनपासून दरवाजा दहा मिनिटांच्या चालीवर. पोर्टा नीग्रा म्हणजे काळा दरवाजा, आणि खरोखरच तो शतकानुशतकं चुलीवर ठेवल्यासारखा काळा आहे. चुन्याशिवाय रचलेले अवाढव्य दगड. लोखंडी पट्ट्यांनी ते एकमेकांना जखडले होते, नंतर लोकांनी पट्ट्याच काढून नेल्या. ठिकठिकाणी भोकं दिसतात. "भंगारवाले सगळीकडे सारखेच," सासूबाई म्हणाल्या.

गाईड टूर साडेदहाची. गाईडबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, घड्याळाशी लग्न झालेल्या. या देशात गाडीने उशिरा आलेलं चालतं, माणसाने नाही. त्यांनी सासूबाईंची काठी पाहिली आणि म्हणाल्या, वर पंधरा मिनिटं, जिना अरुंद आणि गोल, ज्यांना जमणार नाही त्यांनी खालीच थांबावं. आमच्या अकरा वर्षांच्या ईराने आजीला भाषांतर करून सांगितलं.

"त्यांना सांग, गेनाऊ," आजी म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर. आणि पहिली चढली.

अभिजित 'बॅगा सांभाळायला' खाली थांबला. त्याला बघवत नव्हतं.

अर्ध्यावर सासूबाई थांबल्या. धाप लागली, हात गुडघ्यावर गेला. मागे डझनभर माणसं. जर्मन माणूस अशा वेळी बोलत नाही, नाकाने श्वास सोडतो. तो डझनभर वेळा ऐकू आला.

मी कुजबुजले, "आई, बाजूला होऊ या का?"

"गोल जिन्याला बाजू असते का गं?"

एवढ्यात मागच्या आजोबांनी स्वतःच्या काठीने त्यांच्या गुडघ्याकडे खूण करून काहीतरी विचारलं. ईरा म्हणाली, "आजी, ते विचारतायत, उजवा की डावा?"

"उजवा. आणि त्यांचा?"

आजोबांनी दोन बोटं वर केली. दोन्ही.

"दोन्ही!" सासूबाईंना जणू वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाने गणितात गाठलं. "चल गं, उचल पाय."

वर पोचलो तेव्हा पंधरातली अकरा मिनिटं संपली होती. गाईडबाई सांगत होत्या की इथे एका साधूने स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि पुढे या दरवाजाचंच चर्च झालं. ईराचं भाषांतर संपायच्या आत सासूबाई भिंतीला टेकून बूट काढायला लागल्या.

"आजी, नाइन, नको! आता चर्च नाहीये," ईरा लाजून म्हणाली.

"देवाची बदली झाली असेल. जागा तीच ना?"

अख्खा ग्रुप बघत राहिला. दोन गुडघेवाल्या आजोबांनी मात्र टोपी काढली. गाईडबाईंनी एकदा घड्याळ पाहिलं आणि मग त्या मोजे घातलेल्या बाईला खिडकीपाशी जाऊ दिलं. सासूबाई तिथे उभ्या राहिल्या, गल्ल्या आणि छपरं बघत. ग्रुप उतरला तरी उभ्याच.

उतरणं जास्त अवघड गेलं. एकेक पायरी, आडवं होऊन, दोन्ही हातांनी भिंत धरत. पाऊण तास. टूर आम्हाला सोडून गेली, पैसे परत मिळत नाहीत, हेही नोंदवून ठेवा. खाली अभिजितने हात पुढे केला. आईने त्यात पर्स दिली.

पुढे हाउप्टमार्क्ट, भर चौकातला बाजार: फुलं, फळं, वाइनचा स्टॉल. सासूबाईंनी सवयीने टोमॅटो दाबून पाहिले. बाजारात मालाला हात लावायचा नसतो, लक्षात ठेवा. भाजीवाल्या बाई ओरडल्या. सासूबाई शांतपणे मराठीत म्हणाल्या, "न दाबता घ्यायला ते काय देवळातला प्रसाद आहे?" ईराने भाषांतर करायला साफ नकार दिला. टोमॅटो मात्र भाजीवालीनेच निवडले आणि ते चांगले निघाले.

रोमन साम्राज्यातलं माझ्या लक्षात फारसं काही राहिलं नाही. संध्याकाळी घरी गुडघा नारळाएवढा सुजला. त्यावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी ठेवून अभिजित म्हणाला, "बघितलंस आई, काय झालं ते?"

"सुजला. पण चढून उतरला ना?"

रविवारी सकाळी त्याने कराडला फोन लावला. मला वाटलं एजंटला. पण तो सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलत होता: जिन्याला रेलिंग बसवायचं झालं तर कोणाची परवानगी लागते, पाइप कसला, जाडी किती.

आतल्या खोलीतून आवाज आला, "दोन्ही बाजूंनी सांग रे. चढताना एक बाजू पुरते, उतरताना नाही."