शेजारची जागा

लेकीच्या गावाला जायचं तर मधे अख्खी खाडी आडवी, त्यामुळे चष्मेवाल्यांना आणि त्यांच्या बायकोला पंख्याच्या छोट्या विमानाशिवाय गत्यंतर नव्हतं. हे विमान म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. एकीकडे जास्त भार झालेला त्याला खपत नसे. म्हणून काउंटरवरची बाई प्रत्येकाला पिशवीसकट काट्यावर उभं करायची आणि वजन बघून जागा द्यायची. चष्मेवाले काडीपैलवान, बायको अंगानं चांगली भरलेली. तिला पंखांजवळ, यांना पार शेपटीत. त्यांनी एकदा कुरकुर करून पाहिली, तर संसार खाली करा, वर तोल सांभाळावा लागतो, असं काउंटरवालीनं सुनावलं.

मग ते मागून बायकोचा अंबाडा बघत बसायचे. पंख्यांची घरघर अंगात भिनत जाई, डोळे जड होत. खाली ढगांच्या सावल्या पाण्यावरून सावकाश सरकत. मधेच बायको मागे न बघता खिडकीवर बोट टेकवायची. चष्मेवाले काचेला नाक लावून वाट बघत, आणि तिनं पाहिलेली होडी जरा वेळानं त्यांच्याही खिडकीत येई. एवढ्या लांबून गप्पा मारणारं जोडपं विरळाच. तरी एकदा तिच्या शेजारी बसायला मिळावं, ही हौस काही त्यांच्या मनातून जात नव्हती.

यंदा बायको लेकीकडेच मोठ्या आजारात सापडली. कित्येक महिने इस्पितळात गेले. आजार गेला, आता सगळं खाण्यावर आहे, असं डॉक्टर म्हणाले, पण ताट समोर आलं की ती तोंड फिरवायची. परतीच्या दिवशी ती काट्यावर चढली. काउंटरवालीनं आधी काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि काही न बोलता दोघांना शेजारशेजारची जागा दिली.

चष्मेवाल्यांनीही वाकून काट्यावरचा आकडा पाहिला. मागची जागा रिकामी नाही का, असंही त्यांनी विचारून पाहिलं.

विमान ढगात शिरलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटातली अंगठी सैल होऊन गोल फिरत होती. त्यांना रडू आवरेना.

"अहो, हीच जागा हवी होती ना? मग तोंड पाडून काय बसलात?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आज बसून घ्या," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला तुम्हाला परत शेपटीत पाठवते की नाही बघा."

आणि लेकीनं दिलेला डबा मांडीवर उघडून ती हळूहळू खाऊ लागली.