तिघांच्या नावावर लागलेली फिल्म

कात्री हे नाव तिला लग्नाच्या फिल्मा एडिट करता करता पडलं. रुसलेले मामा, जांभया देणारे व्याही, सगळ्यांना ती बेमालूम कापायची. वर्षापूर्वी तिला लेखक आणि फिल्मवाल्यांची फेलोशिप मिळाली, आणि सोबत एक खोली: टेबल, खिडकी आणि आतून लागणारी कडी. घरी मोठी जाऊ, तिची मुलं आणि अखंड चालणारा टीव्ही. त्या कडीसाठी कात्री काहीही करायला तयार होती. अगदी बाकीच्या फेलोंबरोबर चहा प्यायलासुद्धा.

फेलो कसले, एकेक नमुना! कादंबरीकार वर्षभर अर्पणपत्रिकेवर अडला होता. कवयित्री मुलाखती द्यायची, त्यात कविता राहून जायच्या. माहितीपटवाला टोपी घालून कॅमेऱ्याशेजारी उभा राहायचा आणि स्वतःचेच फोटो काढून घ्यायचा. तिघं एकमेकांना 'महत्त्वाचा आवाज' म्हणायची. चौथं कुणी म्हणत नव्हतं.

वर्षअखेरीच्या सभेत प्रत्येकाने उभं राहून आपलं यश सांगायचं, आणि त्यावरून फेलोशिप चालवणारे सर पुढच्या वर्षीच्या खोल्या वाटणार. दुसऱ्याच्या कामाला हातभार लावला असेल, तर तेही यशातच धरायचं.

कात्रीची फिल्म घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिच्या वडिलांवर होती. पूर्ण झाली होती. सभेच्या आदल्या आठवड्यात तिने ती सलग पाहिली आणि तिची तिलाच शिसारी आली. गिऱ्हाइकांवर खेकसणारा, घरी ताट भिरकावणारा बाप तिने मागे बासरी लावून चक्क संत करून टाकला होता. तिने सगळं मोडलं. हातात उरलं नुसतं कच्चं फुटेज.

सभेत कादंबरीकार घसा खाकरून उठला. "यंदा मी कात्रीताईंच्या फिल्मला दिशा दिली." दिशा म्हणजे काय, तर एकदा दारातून डोकावून 'चालू द्या' म्हणाला होता.

"तिचं शीर्षक माझ्याशी गप्पा मारताना सुचलं," कवयित्री म्हणाली.

"क्रिएटिव्ह सल्लागार मीच," टोपी म्हणाली.

टाळ्यांवर टाळ्या.

"आता खुद्द कात्रीताई!" सर म्हणाले.

'शेवटच्या टप्प्यात आहे' एवढं म्हटलं की खोली शाबूत. ओठांपर्यंत आलंही होतं. पण समोर ती तिघं माना डोलवत बसलेली.

"फिल्म मोडली, सर."

"मोडली म्हणजे?" कादंबरीकार किंचाळला. "अहो, माझ्या परिचयात छापून आलीय ती!"

"मग तिथेच बघा."

"म्हणजे पुनर्रचना!" सरांनी लगेच सावरून घेतलं. "केवढं धाडस! टाळ्या..."

"पुनर्रचना कसली, सर? खोटी होती ती. दाखवण्यासारखं आत्ता काहीच नाही."

सरांचे तळवे एकमेकांपासून हातभर लांबच थबकले. तिची खोली कादंबरीकाराला गेली. अर्पणपत्रिकेला एकांत लागतो म्हणे.

"एक वाक्य खोटं बोलता आलं नाही?" घरी जावेने फैलावर घेतलं. "इतकी वर्षं रडकी लग्नं हसरी करून विकलीस ना?"

"विकली. पण ती लोकांची होती, ताई. हा माझा बाप आहे."

"बरं बाई. जेवणं होईपर्यंत स्वयंपाकघरातलं टेबल माझं."

"आणि नंतर?"

"नंतर बस. पण आधी पुसून घे."

जेवणं झाल्यावर कात्रीने टेबल पुसलं, हार्ड डिस्क जोडली. पहिल्याच शॉटमध्ये बाप खेकसला, "बंद कर तो कॅमेरा!"

तिने आवाज वाढवला.