शत्रूला गाडीत बसवून खमीस मुशैत

आमच्या लीगच्या कमिटीतल्या कुणीतरी सौदी अरबचा नकाशा उलटा धरला असावा, अशी माझी पक्की खात्री आहे. आमचं राबिघ जेद्दाच्या उत्तरेला आहे. गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. तरीही यंदा आमच्या टीमला पश्चिम गटातून उचलून दक्षिण गटात टाकलं. कारण काय, तर दक्षिणेतली एक टीम प्रोजेक्ट संपल्यामुळे मायदेशी गेली, गटाला माणसं कमी पडली, आणि खमीस मुशैतचा एक टायरवाला सगळ्यांना जर्सी द्यायला तयार झाला. व्हॉट्सॲपवर निर्णय आला, खाली अंगठ्यांची रांग लागली, खलास.

ही लीग म्हणजे नोकरदारांची टेनिस बॉल क्रिकेटची, शुक्रवारची. माझा नवरा इरफान राबिघच्या टीमचा कॅप्टन आहे. रिफायनरीत ऑपरेटर, एक गुडघा दुखरा, आणि आपण अजून पंचविशीत आहोत असा गोड गैरसमज. मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, त्यामुळे गुडघाही मीच बघते आणि गैरसमजही.

आता आमचं खरं दुखणं सांगते. राबिघच्या टीममध्ये बहुतेक सगळे आमच्या गावचे, रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या अलीकडचे. जेद्दाच्या जुन्या शहरात, बलदमध्ये, जी टीम आहे ती पलीकडच्या गावची. दोन्ही गावांचं क्रिकेटवरून कधी पटलं नाही आणि लग्नसंबंध मात्र थांबले नाहीत. दरवर्षी बलदविरुद्ध मॅच असली की आमची अर्धी बस बायकापोरांनी भरायची. दीड तासाचा रस्ता, संध्याकाळी परत. आणि नियम असा, की हरलेल्या टीमने जिंकलेल्यांना जेवण द्यायचं. सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. वाढताना टोमणे मारायचे, खाताना ऐकून घ्यायचे.

गट बदलला आणि ती मॅचच गेली. खमीसला यायला बसमधलं कुणी तयार होईना. एकीच्या मुलाची परीक्षा, एकीला घाटाची भीती. टीम भाड्याच्या व्हॅनमधून पुढे निघाली आणि पाठीराखे म्हणून आमची एकच जुनी गाडी उरली. इरफान, मी आणि आमची बारा वर्षांची अलिना. ती म्हणाली, "अम्मी, गूगल इज सेइंग एट अवर्स. फॉर टेनिस बॉल?" मी तिला वाटेसाठी भाकऱ्या बांधायला लावलं.

गुरुवारी पहाटे फजरच्या नमाजनंतर निघालो. दक्षिणेला जायचं तर आधी जेद्दा ओलांडावं लागतं, म्हणजे ज्यांच्याशी खेळू देत नाहीत त्यांच्याच दारावरून. तिथे रस्त्याच्या कडेला महमूदचाचा पिशवी घेऊन उभे होते.

चाचांची ओळख करून द्यायला हवी. बलदमध्ये त्यांचं बॅगांचं दुकान. उमऱ्याला आलेल्यांचं सामान वाढलं की त्यांना सूटकेस विकायची, हा तीस-पस्तीस वर्षांचा धंदा. आणि ते बलदचे सर्वांत वाईट पाठीराखे, म्हणजे आमच्या दृष्टीने. स्टीलचं ताट आणि ते बडवायला डाव घेऊन बाउंड्रीवर बसतात. इरफान बॅटिंगला आला की "पळ, इरफान, पळ!" असं इतक्या कळकळीने ओरडतात की तो पळतो आणि धावबाद होतो. असं वर्षानुवर्षं झाल्यावर इरफानने एकच गोष्ट शिकून घेतली, चाचांचा आवाज आला की जागचं हलायचं नाही.

त्यांनी आदल्या रात्री फोन करून मलाही न्या म्हणून सांगितलं होतं. हिशेब सोपा होता. पश्चिम गटात बलद पहिलं आलंच होतं. आम्ही खमीसला हरवलं तर दक्षिण गटात पहिले, आणि सेमीफायनल पश्चिम आणि दक्षिण गटांतल्या पहिल्यांत, त्यामुळे आमची गाठ बलदशीच. म्हणजे चाचांना त्यांची मॅच हवी असेल तर आम्ही जिंकायला हवं होतं. हे कबूल करताना त्यांना किती त्रास झाला असेल!

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. समुद्राकाठचा रस्ता अल-लीथ, कुनफुधावरून सरळ जातो आणि सपाट आहे, पण कॅमेरे खूप. इरफानचा पाय ॲक्सिलरेटरवरून दर वेळी दचकून उचलला जात होता. पेट्रोल आणि स्वच्छ बाथरूम एकाच ठिकाणी मिळेल अशी आशा ठेवू नका, जे आधी दिसेल ते घ्या. कुनफुधाच्या अलीकडे एका मल्याळी कॅफेटेरियात परोटा, अंडाकरी आणि कडक चहा मिळाला. चौघांचं पोट पन्नास रियालच्या आत भरलं.

तिथेच चाचांनी चहात परोटा बुडवत सांगितलं, की दुकान बंद होतंय. इमारतीची दुरुस्ती निघालीय, कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आहे त्या सौदी मालकाला, आता सूटकेसमध्ये रस नाही, आणि रमजानच्या आधी ते फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचे, गावी जातायत. ही त्यांची शेवटची लीग. मी म्हटलं, बरं झालं, गावी खाडीची हवा मिळेल, नातवंडं आहेत. ते म्हणाले, "हवा हाय गो. पण तिकडे शिव्या कोणाला घालू?" मी हसले, पण मला वाईट वाटलं. परोटा खाली ठेवून मी उगाच अलिनाचे केस नीट करत बसले.

दरब गावाच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. बोगद्यामागून बोगदे, कान बंद होतात आणि एसी बंद करायची वेळ येते. कठड्यावर माकडांच्या टोळ्या बसलेल्या असतात. त्यांना खायला देऊ नका. अलिनाने काच खाली करून सुकटीची चटणी लावलेली भाकरी दाखवली आणि एका दांडग्या माकडाने ती हातातून नेली. आठ तासांत ती पहिल्यांदाच मनापासून हसली. चाचा म्हणाले, ह्या माकडाची फील्डिंग इरफानपेक्षा बरी आहे.

खमीसला संध्याकाळी पोचलो. स्वेटर घ्या, खरंच घ्या. राबिघच्या दमट हवेतून आलेल्या माणसाला तिथली थंडी अंगावर येते. सामानसुमान असलेला फ्लॅट रात्रीला दीडशे रियालच्या आसपास मिळाला. रात्री हनीद खाल्लं, भट्टीत शिजवलेलं मटण, हाडापासून आपोआप सुटणारं. सकाळी अरीका, म्हणजे कुस्करलेल्या भाकरीवर तूप आणि मध. हे खाऊन कुणी क्रिकेट खेळू नये. इरफानने दोनदा घेतलं.

मॅच शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर होती, शहराबाहेरच्या खडकाळ मैदानावर. खमीसच्या टीममध्ये हैदराबादी, मल्याळी आणि दोन पठाण. चाचांनी ताट काढलं आणि त्यांच्या पहिल्या बॅट्समनला त्याच्या चालीवरून, पोटावरून आणि खानदानावरून सुनावलं. आमच्या बोलीतलं कुणाला एक अक्षर कळलं नाही. तो बॅट्समन हात वर करून शुक्रिया म्हणाला. चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याच्यासाठी आठ तास आलो मी?" मग त्यांनी आमच्या पोरांचं कौतुक करायचा प्रयत्न केला. जमेना. "बरा मारलास रे, गाढवा" ही त्यांची कमाल.

आमची बॅटिंग अर्ध्यावर आली आणि दरीतून धुकं वर आलं. थांबायला कुणी तयार नव्हतं, खमीसवाल्यांना शनिवारी ड्यूटी आणि आम्हाला परतीचा रस्ता. शेवटची जोडी, तीन धावा हव्या, चेंडू दोनच राहिलेले. इरफानने मारला तो बरोबर आमच्या बाजूला. एक धाव झाली. दुसरी घेतली असती तर स्ट्राइक पुन्हा त्याच्याकडे आला असता. खेळपट्टीवरून त्याला काही दिसत नव्हतं, पण आम्हाला दिसत होतं. फील्डर आमच्यासमोर वाकून दगडांत चेंडू शोधत होता.

चाचा उभे राहिले. "पळ, इरफान, पळ! खरंच पळ!"

इरफान जागचा हलला नाही.

पुढच्या चेंडूवर आमच्या शेवटच्या बॅट्समनचा त्रिफळा उडाला. सेमीफायनल गेली, बलदची मॅच गेली. इरफान पॅड सोडत आमच्याकडे आला आणि चाचांना विचारलं, "तुम्ही खरं सांगत होतात?"

"पयल्यांदाच," चाचा म्हणाले, आणि ताट पिशवीत घालायला लागले.

परतीच्या रस्त्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. आयुष्यभर केलेल्या थट्टेची किंमत चाचा मनातल्या मनात मोजत असावेत, आणि इरफान न ऐकल्याची. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

शनिवारी दुपारी चाचांना सोडायला बलदमध्ये शिरलो. ते म्हणाले, गाडी लावा आणि वर चला. जुन्या लाकडी खिडक्यांखालच्या अरुंद जिन्याने वर गेलो, तर खोलीत बलदची अख्खी टीम बसलेली. दस्तरखान अंथरलेला, सुरमईचं कालवण, भाकऱ्यांची चळत. आमची व्हॅनही कुणीतरी फोन करून तिथेच वळवलेली. इरफान दारातच अडला. म्हणाला, चाचा, आपली मॅच झालीच नाही, हे जेवण कसलं?

चाचा भाकरी मोडत म्हणाले, "हरणाऱ्याने जेवण द्यायचं. खमीसला मी तुमच्यात होतो ना? मग मीपण हरलो. बस, खा."

बलदवाल्यांनी वाढलं आणि टोमणे मारले. आम्ही ऐकून घेतले. कालवणात मीठ जास्त होतं, आणि मी दोनदा घेतलं.

आता घरी येऊन विचार केला तर हिशेबात काय बसतं? पेट्रोल, फ्लॅट, दोन दिवसांची रजा, एक भाकरी माकडाला. जावं का म्हणाल तर घाटासाठी आणि हनीदसाठी नक्की जा. लीगसाठी जाऊ नका, कमिटीच्या हातात अजून तोच नकाशा आहे.

चाचा मागच्या आठवड्यात गेले. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो होतो. जाताना त्यांनी ताट आणि डाव माझ्या हातात दिले, गावी घरात दुसरं ताट आहे म्हणाले.

या शुक्रवारी राबिघला लीगची उरलेली, कुणालाच गरज नसलेली एक मॅच होती. इरफानने चेंडू मारला, दोन धावा सहज होत्या. मी ताट वाजवून ओरडले, "पळ, इरफान, पळ!" तो निघाला, आणि अर्ध्या खेळपट्टीवर थांबून बाउंड्रीकडे बघत राहिला. चाचांना शोधत होता. धावबाद झाला.