गुजरीतलं टेबल

माझ्या दुकानातल्या रेडिओ दुरुस्तीच्या टेबलाचा एक सोडला तर एकही तुकडा नवा नव्हता. तोच सोडला तर एकही तुकडा विकणाऱ्याने सांगितलेल्या भावात आलेला नव्हता. तो एक तुकडा आमच्या भाडेकरू इंजिनिअरने आणला होता. त्याची गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. बायकोला सांगायला गेलो की ती म्हणते, "पुन्हा तेच?" आणि उठून स्वयंपाकघरात जाते.

दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली तरी लष्कराचं भंगार बेंगळुरात येतच होतं. दर रविवारी सकाळी पेठेच्या टोकाला गुजरी भरायची, म्हणजे जुना बाजार. गोणपाटावर वायरलेसच्या पेट्या, फुटके हेडफोन, विमानातली घड्याळं आणि इस्पितळातली पातेली एका ओळीत मांडलेली असायची. मी तिथे कसा वागायचो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मला जी वस्तू हवी तिच्याकडे मी बघायचो नाही. तिच्या शेजारची निकामी वस्तू उचलायचो. तिला उलटी करून, हलवून, वास घेऊन तिची निंदा करायचो. अर्धा तास हुज्जत घालून शेवटी हात झटकून उठायचो आणि चालू लागायचो. चार पावलं. पाचव्याची वेळ सहसा यायची नाही. मागून हाक यायची, "आओ अण्णा, स्वल्प कम करता." मग तोंड वाकडं करून परत यायचं आणि म्हणायचं, सरी, ठीक आहे, घेतो, पण वर ती गंजकी पेटी टाक. ती गंजकी पेटी म्हणजेच मला हवी असलेली वस्तू. असं मी बरंच काही घरी आणलं. आमच्या मागच्या अंगणात एक मोडका ग्रामोफोन, दोन तिपाया आणि विषारी वायूपासून वाचवणारे सात मुखवटे कित्येक वर्षं पडून होते, ते याच धंद्यातले. बायको त्या मुखवट्यांत शेणखत भरून तुळशीला घालायची.

टेबलाचा हव्यास मला का होता तेही सांगायला हवं. वडील कँटोन्मेंटातल्या गोऱ्या साहेबांचे कपडे शिवायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी कँटोन्मेंटातल्याच एका रेडिओच्या दुकानात लागलो. झाडलोट करता करता तारा जोडायला कथलाचे डाग द्यायला शिकलो. तिथल्या कुशल कारागिरांपेक्षा माझा डाग साफ बसायचा, हे मालकही मान्य करायचा. पण टेबलाशी त्याने मला कधी बसू दिलं नाही. आठ वर्षं मी जमिनीवर फळकूट ठेवून त्यावर काम केलं. टेबलावरचे नट खाली पडले की उचलून वर द्यायचो. स्वतःचं दुकान काढलं तेव्हा पाटीच्याही आधी मनात टेबल आलं.

इंजिनिअर पुण्याकडचा. सरकारी कारखान्यात नोकरीला आला आणि आमच्या मागच्या खोलीत राहू लागला. आमच्याकडे तीनशे वर्षांची बेंगळुरी मराठी, तिला कानडीचं पाणी लागलेलं. त्याला हसू यायचं.

"अण्णा, तुमच्या एका वाक्यात किती भाषा असतात हो?"

"तीन," मी म्हणालो. "तुझ्यात दोनच आहेत, म्हणून तुला भाजी महाग मिळते."

तो मोकळेपणी हसला. माणूस सरळ होता, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार त्याच्या सरळपणाबद्दलच आहे.

त्याला पहिल्यांदा गुजरीत नेलं तो रविवार वाया गेला. एका गोणपाटासमोर तो उकिडवा बसला, विजेचं माप दाखवणारा एक मीटर हातात घेतला आणि म्हणाला, "अहो अण्णा, हा तर फार उत्तम आहे. असा बाहेर मिळणारच नाही." विकणाऱ्याला मराठी येत नव्हती, पण त्याची गरजही नव्हती. त्याने मीटर काढून घेतला, सदऱ्याला पुसला आणि भाव तिप्पट केला. घरी येताना मी इंजिनिअरला म्हणालो, "तुझं तोंड म्हणजे दुकानाची पाटी आहे. त्यावर भाव लिहिलेला असतो." पुढच्या रविवारपासून त्याला उसाच्या रसाच्या गाड्याशी उभा केला. मी वस्तू सहज उचलून उन्हात धरायची. ती कामाची असेल तर त्याने रसाचा घोट घ्यायचा, नसेल तर ग्लास खाली ठेवायचा. एका रविवारी त्याने चार ग्लास रस प्यायला आणि रात्री जेवला नाही. आम्ही दोघे तेव्हा खूश होतो.

असं टेबल उभं राहिलं. पाय म्हणजे लष्करी वायरलेसच्या गाडीतली लोखंडी मांडणी. वरची सागाची फळी आणि मागची उभी काळी पाटी मोडीत निघालेल्या टेलिफोन एक्स्चेंजची, तिच्यावरची भोकं आम्ही मीटरांना वापरली. स्पीकर पाडलेल्या एका सिनेमा थिएटरचा, टेबलाच्या पोटात बसवलेला. सुट्या भागांसाठी छापखान्यातले टाइपाचे खण आणले. त्यांवर कानडी अक्षरं चिकटवलेली होती ती तशीच ठेवली. क च्या खणात कंडेन्सर गेले, बाकीचं पाठ करून टाकलं. स्टेशनं जुळवायला लागणारा सिग्नल जनरेटर तर मी त्या मोडक्या ग्रामोफोनावर फुकट घेतला होता. सगळ्या टेबलाचा नकाशा इंजिनिअरने आपल्या वहीत काढला, तार न् तार, रंगासकट. आणि शेवटी एक दिवस पगार झाल्यावर तो एका मोठ्या दुकानातून कोरा मीटर घेऊन आला. दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे देऊन.

"हुज्जत घातली नाहीस?"

"वस्तू चांगली होती, अण्णा. काय बोलणार?"

काळ्या पाटीवर त्या मापाचं भोक नव्हतं. मी दीड दिवस कानशीने घासून नवं भोक पाडलं.

त्याच सुमारास कळलं की रेडिओच्या एका मोठ्या कंपनीला बेंगळुरात दुरुस्तीसाठी एकच दुकान नेमायचं आहे. अट एकच, सेट तपासायचं सगळं साहित्य असलेलं नीट टेबल हवं. नेमणूक झाली की शहरातला त्यांचा प्रत्येक सेट त्या दुकानात येणार. मला ती एजन्सी हवी होती. इतकी की मी तीन आठवडे घरात तिचं नाव काढलं नाही.

कंपनीचा माणूस दुकानं बघायला मद्रासहून आला. अँग्लो-इंडियन साहेब, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा तोंडात नाही. मला बोलता येणारं इंग्रजी सुट्या भागांच्या नावांपुरतं, म्हणून इंजिनिअर रजा काढून दुभाष्या म्हणून थांबला. साहेबाने तासभर टेबल पाहिलं, इंजिनिअरच्या वहीतला नकाशाही पाहिला. खण उघडले, अक्षरांबद्दल विचारलं, इंजिनिअरने सांगितल्यावर मनापासून हसला. बिघडलेला एक सेट पुढ्यात ठेवला, तो मी त्याच्यासमोर बोलता केला. मग त्याने पिशवीतून एजन्सीचा छापील कागद काढून सागाच्या फळीवर ठेवला. सोबत कंपनीच्या जाहिरातीची पत्र्याची पाटी होती, ती भिंतीला टेकवली.

मी कागदाकडे पाहिलं नाही. पाटीकडे पाहिलं.

"त्यांना सांग," मी इंजिनिअरला म्हणालो, "एजन्सीची मला काही गरज नाही. हातातलंच काम आवरत नाही. ही पाटी मात्र बरी दिसते. द्यायची असेल तर बोलू."

इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिला. मी पाटीचा पत्रा नखाने वाजवून पाहिला. मग त्याने सांगितलं, मी बोललो होतो तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तेवढं इंग्रजी मला कळत होतं. साहेबाच्या भुवया वर गेल्या. त्याने काहीतरी विचारलं.

"अण्णा, ते विचारतायत, नक्की?"

मला वाटलं, पोरगा शिकला, ताणून धरतोय. "नक्की म्हणजे काय. पाटीचं बोल म्हणावं."

साहेबाने कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवला. माझ्याशी हस्तांदोलन केलं. पाटी भिंतीशीच राहू दिली आणि बोटाने खूण केली, तुमच्याकडेच ठेवा. मग तो निघाला. मी पावलं मोजत होतो. तीन, चार. "अण्णा," इंजिनिअर हळूच म्हणाला. मी हात वर करून त्याला गप्प केलं. पाच, सहा. साहेब गाडीत बसला. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी त्याच्या परत येण्याची वाट बघत उभा होतो.

एजन्सी कँटोन्मेंटातल्या त्या दुकानाला मिळाली, जिथे मी आठ वर्षं जमिनीवर बसलो होतो. काही महिन्यांनी एक सुटा भाग घ्यायच्या निमित्ताने गेलो. आत माझंच टेबल होतं. नवं लाकूड, नवं लोखंड, पण तेच खण, तीच मागची उभी पाटी, पोटात स्पीकर. खणांवर इंग्रजी अक्षरं होती, एवढाच फरक.

संध्याकाळी इंजिनिअरला विचारलं.

"साहेबांनी पत्र पाठवून नकाशा मागितला," तो म्हणाला. "मी नक्कल काढून दिली. तुम्हाला तर एजन्सी नको होती."

"मला नको होती? इतके रविवार माझ्याबरोबर हिंडलास, आणि मला नको होती?"

"तुम्ही जे बोललात तेच मी सांगितलं, अण्णा. ते साहेब गुजरीतले नव्हते."

पुढे मी जे बोललो ते लिहीत नाही. त्यात तिन्ही भाषा होत्या. खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली. बायको मध्ये पडली, "अहो, त्याने निदान नक्की का ते विचारलं, दुसऱ्या कुणी तेही विचारलं नसतं," म्हणाली. मी तिलाही बोललो.

त्याने भांडण केलं नाही. सामान बांधून झाल्यावर दुकानात आला आणि फक्त आपला मीटर मागितला. मी म्हटलं, ने. त्याने चारही स्क्रू काढले, तारांची टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून कापडी पट्टी गुंडाळली, स्क्रू मोजून माझ्या हातात दिले. मग ट्रंक उचलून निघाला. तीन पावलं गेला, चौथ्याला थांबला, ट्रंक खाली ठेवून हात बदलला. हातच बदलत होता की आणखी कशासाठी थांबला होता, कोण जाणे. मी आत टेबलाशी बसून होतो. गुजरीत मी आयुष्यभर निघून जाणारा होतो. मागून हाक मारायचं काम दुसऱ्याचं असायचं, ते मला कधी करावं लागलं नव्हतं.

त्याने पाचवं पाऊल टाकलं.

ती पत्र्याची पाटी दुकानाबाहेर मी कधी लावली नाही. डाग देताना कथील खाली सांडतं, ते झेलायला ती टेबलावर पालथी घातली. इंजिनिअरचा मीटर गेला तिथलं भोक बुजवायला त्या मापाचा मीटर गुजरीत पुढे दोनदा दिसला. मी दोन्ही वेळा सवयीने शेजारची वस्तू उचलली. रसाच्या गाड्याशी ग्लास धरून कुणी उभं नव्हतं, म्हणून तीही खाली ठेवून घरी आलो.